प्रतिसाद: सोलापूरहून स्वतःच्या गाडीने नेपाळ

नमस्कार. सोलापूरहून नागपूर, जबलपूर, गोरखपूरमार्गे सोनौलीला जाऊन तिथून स्वतःच्या गाडीने नेपाळमध्ये शिरताना फक्त आधार कार्ड पुरेल का, असे आपण विचारले आहे. प्रौढ व्यक्तीने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीसह जवळ ठेवावे. केवळ आधारच्या भरवशावर निघू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे माणसांची तपासणी लवकर आटोपते, मात्र खरा वेळ जातो तो गाडीच्या कागदपत्रांत. नेपाळच्या हद्दीत गेल्यावर 'भन्सार' म्हणजे सीमाशुल्क कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्र आणि चालक परवाना दाखवून, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. मुक्काम वाढण्याची शक्यता असेल तर दोन दिवस जास्तीचे घ्यावेत. आमची एमएच १३ क्रमांकाची गाडी थोरल्या भावाच्या नावावर असल्याने त्याचे संमतिपत्र आम्ही सोबत नेले होते आणि ते तिथे मागितलेही गेले.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, याची मला मनापासून काळजी वाटते. आपली नेहमीची पॉलिसी भारतापुरतीच असते. जादा हप्ता भरून नेपाळपर्यंतचा भौगोलिक विस्तार सोलापुरातूनच लेखी घ्यावा. भेटीसाठी सोलापुरी चादरींचा गठ्ठा नेणार असाल, तर तो सहज उघडता येईल असा वरच ठेवावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते.