शब्दचर्चा : 'अवतार' घ्यायचा, करायचा की निवडायचा?

सांजवात
रविवारी भाचीने फोनवर माझा अवतार बनवायला बसवलं. चाळीस मिनिटं गेली. चष्मा माझाच, नाक साधारण माझं, केस मात्र कॉलेजातले. दुहेरी हनुवटीकडे बोट वळलंच नाही. कौतुकाने आईला दाखवायला गेले, तर फोनकडे न बघता ती म्हणाली, "बारा वाजले, अजून आंघोळ नाही. काय अवतार करून बसलीयस!"

एका खोलीत माझे दोन अवतार. क्रियापदं बघा : विष्णू अवतार घेतो, चिडलेले साहेब रुद्रावतार धारण करतात, आणि माझ्यासारखी माणसं अवतार करतात, तोही नकळत. स्वतःला तो दिसत नाही, दाराशी आलेल्याला दिसतो. फोनमधला मात्र निवडतात, बनवतात. मग या चौथ्यासाठी वेगळा मराठी शब्द हवा का?

जुनाखेळाडू
पाचवं क्रियापदही आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४' (१९८५) या कॉम्प्युटर खेळात 'अवतार' व्हायचं असतं. शेवटी मारायला कुणी खलनायक नाही. सचोटी, करुणा, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे. दुकानदारीण आंधळी, पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिले तर तिला कळत नाही, पण सचोटी घसरते. सुरुवातीला चेहरे निवडणं वगैरे नाही. एक भविष्य सांगणारी बाई नैतिक पेच घालते आणि उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरतं.

आजचा अर्थ आला लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या ऑनलाइन खेळातून, साधारण त्याच सुमारास. घरचा कमोडोर ६४ कॉम्प्युटर आणि टेलिफोनची तार. खेळ बनवणाऱ्या चिप मॉर्निंगस्टार यांनी पडद्यावरच्या बाहुलीला अवतार म्हटलं, कारण खेळणारा तारेवरून त्या जगात उतरतो. १९९२ च्या 'स्नो क्रॅश' कादंबरीनंतर शब्द सगळीकडे गेला. म्हणजे आपलाच शब्द, पण परदेशी जाऊन आलेला.

ओसरीवरचा
घोळ त्या 'उतरण्या'तच आहे. अव + तॄ, म्हणजे खाली येणे. देव मासा झाला, कासव झाला, डुक्कर झाला. वराह होताना 'नाक जरा सरळ द्या' असं काही म्हणाला नाही. आपण दोन इंच उंची वाढवतो, दहा वर्षं वजा करतो. हे चढणं झालं.

बाकी आईंचा 'अवतार' एकटा नाही. त्याचा सख्खा भाऊ 'ध्यान'. तुकोबांचं ध्यान विटेवर सुंदर उभं, आणि आमच्याकडे पाहुणे गेल्यावर "काय ध्यान आहे!" देवाच्या रूपाचे शब्द माणसाला लावले की मराठीत ते हमखास तिरके होतात.

विंगेतून
माझं मत 'सोंग'. आम्ही सिंधुदुर्गातले, दशावतार बघत वाढलो. आमच्या वाडीतला स्त्रीपार्टी नट दिवसा शेतात राबायचा, रात्री पेटीतला आरसा उघडून स्वतःच रंगायचा. लुगडं नेसून उठला की आवाजाच्या आधी त्याची मान बदलायची. आत अजून कुणी बघायला नसायचं, तरी बदलायची. विडीसुद्धा वेगळी धरायचा.

हे नुसतं माझं बघणं नाही. स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये 'प्रोटिअस इफेक्ट' मांडला, म्हणजे जसा अवतार तसं माणूस वागू लागतो. पैसे वाटून घेण्याच्या खेळात उंच अवतार मिळालेल्यांनी जास्त ताणून धरलं. बुटका मिळालेल्यांनी तोट्याचा सौदाही जास्त वेळा मान्य केला. देखणा मिळालेले समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले. बरं, हे अवतार त्यांनी निवडलेले नव्हते, चिठ्ठी काढल्यासारखे वाट्याला आले होते. सोंग अंगात भिनतं ते असं.

सांजवात
काका, उदाहरण पटलं, शब्द नाही. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग... सोंगाला लबाडीचा वास येतोच.

जुनाखेळाडू
ताईंशी सहमत. 'सेकंड लाइफ' (२००३) या आभासी जगात सगळ्यांना उडता येतं. तिथेही चाकाची खुर्ची वापरणारे काही जण अवताराला खुर्ची देतात, कारण तीही 'मी'च. त्याला सोंग कसं म्हणणार?

आणि तुमच्या आईंचा अर्थसुद्धा तिथे आहे बरं का! पूर्वी तिथे अवतार नीट लोड झाला नाही, की माणूस इतरांना 'रूथ' नावाच्या ठरावीक बाईच्या रूपात दिसायचा, मग तो दाढीवाला पैलवान का असेना. स्वतः मात्र आपण झकास दिसतोय या समजुतीत. लोक म्हणायचे, "अरे, तुझी रूथ झालीय." हाच खरा मराठी अवतार! करणाऱ्याला पत्ता नाही आणि बघणारे हसतायत.

ओसरीवरचा
वा! मग 'मुखवटा' सुचवू का? लपवाछपवीचा अर्थ नंतरचा म्हणून बाजूला ठेवा. ज्येष्ठागौरींचा मुखवटा आठवा. खाली स्टँड, त्याला गुंडाळलेली साडी, आत कोंबलेले कपडे. मुखवटा बसला की मगच घरातले "आल्या" म्हणतात. त्यामागे काही लपलेलं नसतं.

विंगेतून
गौरी मान्य. पण मुखवटा फक्त तोंडाला. पोट कोण झाकणार?

सांजवात
पोटाचा मुद्दा बिनतोड :) मी तूर्त 'अवतार'च ठेवते, क्रियापद बदलून. फोनवर अवतार 'बनवला', घरी अवतार 'केला'. बोलताना घोळ होत नाही. तरी आईला विचारलं, फोनवरच्याला तू काय म्हणशील? चष्मा लावून तिने नीट बघितलं.

"ही कोण?"
"मी."
"चित्र म्हण. आणि ऊठ, पाणी तापलंय."