‘मातेरे’ या शब्दाचा नेमका अर्थ आणि वापर

प्रश्न : अमळनेरकर
सप्रेम नमस्कार. आमच्या भागात ‘मातेरे’ हा शब्द बोलण्यात सर्रास येतो. अवकाळी पावसाने पीक गेले तर पिकाचे मातेरे, पैसा भलत्या ठिकाणी गेला तर पैशाचे मातेरे. वर्गात मी त्याचा अर्थ ‘नासाडी’ असा सांगतो, परंतु मग ‘माती होणे’ आणि ‘मातेरे होणे’ यांत फरकच उरत नाही. हा शब्द मुळात कशाला म्हणत आणि तो लेखी मराठीत चालेल का?

उत्तर : तापीकाठ
गुरुजी, मातेरे म्हणजे माती मिसळलेले धान्य. तापीकाठच्या काळ्या जमिनीत दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला आली की खळ्याची जागा पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून घेत. तरीही मळणीत बैलांच्या खुरांनी सारवण उखडे आणि मातीचे बारीक खडे दाण्यांत मिसळत. उफणताना वारा भुसकट उडवून नेतो, पण दाण्याएवढाच जड असलेला खडा दाण्याबरोबरच खाली पडतो. त्यामुळे वरची स्वच्छ रास भरून नेल्यावर तळाशी जे उरे, ते कितीही वेळा वाऱ्यावर धरले तरी निवडले जात नसे. धुतले तर माती निघते, पण भिजलेले धान्य साठवणीत टिकत नाही. म्हणून ते वाळवून लवकर दळावे लागे, नाहीतर कोंबड्यांपुढे टाकावे लागे.

माती झाली म्हणजे काहीच उरले नाही. मातेऱ्यात दाणा असतो, तो दिसतोही, पण हाती लागत नाही. त्या शब्दातली सगळी हळहळ त्या दाण्यासाठी आहे, म्हणून ‘नासाडी’ हा अर्थ मला अपुरा वाटतो.

उत्तर : जामनेरची लेक
तापीकाठदादांचे म्हणणे कापसालाही तंतोतंत लागू पडते. वेचणीला आलेली बोंडे परतीच्या पावसात सापडली आणि कापूस काळ्या चिखलात गळला, तर आमच्या घरी ‘कापसाचे मातेरे झाले’ असेच म्हणतात. वाळलेला पाला जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, बराचसा निघतो, परंतु चिखलाचा डाग रुईत राहतो आणि भाव तिथेच पडतो. मात्र अंगणातल्या नुसत्या केराला किंवा धुळीला मातेरे म्हटलेले मी कधी ऐकले नाही. धुळीला अहिराणीत ‘धूय’ हा वेगळा शब्द आहे.

उत्तर : तापीकाठ
ताई, अगदी बरोबर. लेखनाविषयी सांगायचे तर हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ‘मातेरे झाले’, ‘मातेऱ्यात गेले’ अशी रूपे निःशंकपणे लिहावीत. बोलताना ‘मातेरं’ म्हणतात, एवढाच फरक. आता मळणी यंत्रामुळे मुलांना खळे पाहायला मिळत नाही, तेव्हा गुरुजी, अर्थ सांगण्याआधी उफणणी समजावून सांगा.

अमळनेरकर
दोघांचेही मनापासून आभार. उद्याच्या तासाला सुपात ज्वारी आणि शेतातली बारीक ढेकळे एकत्र करून मुलांना पाखडायला देतो.