वासुकी सापडला म्हणे! मग शरभ कुठंय?

घाटवाट
कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतल्या जीवाश्म सापाची बातमी २०२४ साली आली. तेव्हापासून 'समुद्रमंथनातला वासुकी सापडला' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर ठिय्या देऊन आहे. २७ मणके, अंदाजे ११ ते १५ मीटर लांबी. मीही हसलो, कारण हा साप ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. 'वासुकी' हे नाव आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी पुराणातून उचलून त्याला दिलंय. काका मात्र बारशाची पत्रिका जन्माचा दाखला म्हणून फिरवतायत.

पण हसून झाल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. मकर घ्या. वेरूळच्या २१ नंबरच्या लेण्यात दाराशी गंगा मकरावर उभी आहे. सोंड काय, माशाची शेपटी काय, सगळा चमत्कार. तरी आपला 'मगर' हा शब्द संस्कृत 'मकर'चाच. म्हणजे नक्षीखाली खरं जनावर आहेच ना? मग शिवनेरीच्या दरवाजावर जो शरभ, म्हणजे पुराणातला सिंहासारखा पशू आहे, जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरून जो उभा आहे, तो काय हवेतून आला? माझं मत: पुराणातला प्रत्येक प्राणी कुणीतरी कधीतरी पाहिलेला आहे.

हाणा आता.

शंकेखोर
'प्रत्येक' या शब्दालाच हरकत. मगरीचं मान्य, पुढचं नाही.

जंजिऱ्याचं शिल्प नीट बघा. त्यातले हत्ती मांजराने उंदीर धरावा त्या मापाचे आहेत. एवढासा हत्ती कुणी पाहिला होता? ती दरवाजावरची धमकी आहे, प्राणिसंग्रहालयाची पाटी नव्हे. 'हत्तीएवढं बळ घेऊन आलात तरी हे हाल करू.' विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यावर गंडभेरुंड आहे, चोचींत आणि नखांत हत्ती धरलेला, दोन डोक्यांचा. त्याचा मूळ पक्षी कोणत्या अभयारण्यात दाखवता?

घाटवाट
@शंकेखोर, जिवंतच दिसायला हवा असं कुठंय? हाडं दिसली तरी पुरे. ग्रीक कथांतला ग्रिफिन आठवा: गरुडाची चोच, सिंहाचं धड, आणि सोन्याची राखण. गोबीच्या वाळवंटात प्रोटोसेराटॉप्स या चोचवाल्या, चारपायी डायनासोरचे सांगाडे मिळतात. प्राचीन विज्ञानाच्या अभ्यासक एड्रियन मेयर यांनी हा संबंध जोडून दाखवलाय.

खडूफळा
आणि जीवाश्मतज्ज्ञ मार्क विटन यांनी तो सोडवूनही दाखवलाय. ग्रीकांनी सोन्याच्या कथा लिहिण्याच्या कितीतरी आधी, इजिप्त आणि इराणकडच्या कलेत ग्रिफिन आलेला होता. हे सांगाडे सापडतात तिथून प्राचीन सोन्याच्या जागा शेकडो किलोमीटर लांब. शिवाय खडकात गाडलेला सांगाडा वाटसरूला अख्खा दिसत नाही, चार बोटं हाड दिसतं. पूर्ण प्राणी आपण संग्रहालयात बघतो, तोही कुणीतरी महिनोन् महिने खरवडून काढल्यावर.

मी विरोधात आहे असं नाही. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टमध्ये १३३५ साली एक कवटी मिळाल्याचं सांगतात. ती ड्रॅगनची समजून जपली आणि १५९० च्या सुमारास चौकातल्या ड्रॅगनचं डोकं तिच्यावरूनच घडवलं. कवटी निघाली केसाळ गेंड्याची! इथे हाड, गाव आणि पुतळा तिन्ही हजर आहेत, म्हणून मी मानते. पण ड्रॅगन आधीच लोकांच्या डोक्यात होता, कवटीने त्याला फक्त चेहरा दिला.

माजघर
इतक्या लांब कशाला जाता? आमच्या देवघरात शाळीग्राम आहे. गंडकीतला काळा गोटा, आत चक्र. वज्रकीटाने दगड कोरून ते चक्र केलं, असं आजी सांगायची. भूगर्भशास्त्र सांगतं तो अमोनाइट, समुद्रातल्या शंखवाल्या जीवाचा ठसा. म्हणजे प्राणी खरा, हाताशी, रोज तुळस वाहिलेला. पण कथेत तो प्राणी म्हणून आलाच नाही, थेट विष्णू म्हणून आला! हे तुम्ही कोणत्या बाजूला मोजणार?

(आजीने बाजू विचारणाऱ्यालाच पाट मांडायला लावला असता.)

घाटवाट
माझ्याच बाजूला. आणि युनिकॉर्न? इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने लिहिलं की हिंदुस्थानात एकशिंगी रानगाढव असतं आणि त्याच्या शिंगातून प्यायलं की विष बाधत नाही. तो गेंडाच की.

खडूफळा
हा दाखला चांगला आहे. पण तो वैद्य भारतात आलाच नव्हता. उलट आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाची चार शिल्पं मिळाली. रथ, हत्ती, रेडा आणि गेंडा. अगदी गेंड्यासारखा गेंडा. ज्यांनी पाहिला त्यांनी गेंडा ओतला, ज्यांनी ऐकला त्यांनी युनिकॉर्न केला.

शंकेखोर
टाळ्या. पण मग वेरूळच्या कारागिराने मगर पाहिली नव्हती, असं म्हणायचंय का?

खडूफळा
पाहिली असेल. त्याला मगर कोरायचीच नव्हती, गंगेचं वाहन कोरायचं होतं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, माझं वाक्य जरा जास्तच गोळीबंद झालं.

जुनी पोथी
इतका वेळ वाचत होतो. घाटवाट, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही मांडलाच नाहीत.

'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथात यज्ञपशूंची गोष्ट आहे. यज्ञाचं सत्त्व एकेका पशूतून निघून जातं आणि मागे उरलेल्याचं दुसरंच जनावर होतं. बैलाचा गवय (गव्यासारखं रानटी जनावर), मेंढ्याचा उंट आणि बोकडाचा शरभ. गवय आणि उंट खरे, तर त्यांच्या पंगतीला बसलेला शरभही खराच असणार. बहुधा डोंगरातलं शेळीच्या जातीचं काहीतरी. पाली जातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतला शरभही मृगच आहे, खड्ड्यात पडलेल्या राजाला वर काढणारा.

आठ पायांचा, सिंहाला मारणारा शरभ महाभारतात भेटतो. शांतिपर्वात एक ऋषी आपल्या कुत्र्याला बढती देत जातो. बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह आणि सर्वांत शेवटी शरभ. कुत्रा ऋषीवरच उलटतो आणि परत कुत्रा होतो, ते सोडा. त्या गोष्टीला सिंहाच्या वरची एक पायरी हवी होती. पुढे शैवांना नरसिंहाच्याही वरची पायरी हवी झाली, तेव्हा शिवच शरभ झाला. गडाच्या दरवाजावर आलेला शरभ हा. त्याचा मूळपुरुष शोधत गेलात तर हाती बोकड लागेल.

शंकेखोर
म्हणजे मी जिंकलो. बोकडावरून जंजिऱ्याचा एक हत्तीही समजत नाही.

घाटवाट
जिंकलात कसे? खरा प्राणी होता, एवढंच माझं म्हणणं होतं आणि तो निघाला. 'प्रत्येक' हा शब्द तेवढा मागे घेतो, गंडभेरुंडापुरता.

रविवारी शिवनेरीला चाललोय. शरभाला दाढी आहे का, बघून येतो.