गुहागरची सकाळ जलरंगात: सोनेरी पट्टा खोटा का वाटतो?

प्रश्न: मी सांगलीचा. गुहागरला उजाडता-उजाडता काढलेल्या फोटोवरून चित्र करतोय. पाण्यावर सोनेरी पट्टा ओढला की सगळंच खोटं दिसतं.

उत्तर: अहो, कोकणात सूर्य डोंगरामागून वर येतो! सोनेरी पट्टा संध्याकाळचा. सकाळी क्षितिजालगत करडा-निळा थर, त्यावर फिकट गुलाबी.

उत्तर: करड्यासाठी कोबाल्ट ब्लूमध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळा नको, मळकट होतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद आधी ओला करा. फेसाची जागा कोरीच ठेवा. पांढरा थापला की भिंतीला चुना लावल्यासारखं दिसतं.

प्रश्नकर्ता: गुलाबी आहे खरा फोटोत. ओल्या वाळूतलं त्याचं प्रतिबिंब?

उत्तर: वाळूचा रंग ओला असतानाच उभे फटकारे, मग एकच आडवा. आणि सुरूची झाडं तुमच्या पाठीमागे होती, ती समोर घुसडू नका.