बेलें शहरात एकच मोकळा दिवस : बाजार कसा पाहावा आणि काय खावे?

रत्नागिरीकर

नमस्कार. यजमानांच्या कामानिमित्त आम्ही ब्राझीलला जात आहोत आणि परतण्यापूर्वी बेलें येथे दोन रात्रींचा मुक्काम आहे. त्यातला एक पूर्ण दिवस मोकळा मिळेल. तो संग्रहालयांऐवजी बाजारात आणि खाण्यात घालवावा यावर आम्हा दोघांचे एकमत झाले आहे, जे सहसा होत नाही. सोबत सासूबाई आहेत. त्यांना अंडे चालते, मांस-मासे चालत नाहीत. व्हेर-ओ-पेझो बाजारात किती वाजता जावे, सासूबाईंना तिथे पोटभर काही मिळेल का, आणि आपल्याकडे महागड्या उपाहारगृहांत वाडग्यातून जे जांभळे, गोड आसाई देतात तेच तिथलेही आसाई का, हे कृपया कोणी सांगावे.

नदीकाठचा

मी बेलेंमध्ये चार वर्षे नोकरीनिमित्त राहिलो आहे. माझे एवढेच सांगणे आहे की दिवस घड्याळाप्रमाणे न आखता नदी आणि पाऊस यांच्या वेळा पाहून आखावा, म्हणजे पहाटे धक्का, सकाळी बाजार, दुपारी आडोसा आणि संध्याकाळी ताकाका हा कढत आंबट रस्सा.

१६१६ साली पोर्तुगिजांनी ज्या किल्ल्यापासून हे शहर वसवले, त्याच्या शेजारीच आसाईचा घाऊक बाजार भरतो. आसपासच्या बेटांवरून रात्रीच होड्या येतात, विणलेल्या टोपल्या धक्क्यावर उतरतात आणि उजाडेपर्यंत बहुतेक सौदे आटोपलेले असतात. आसाई हे एका ताडवर्गीय झाडाचे करवंदाएवढे फळ असून त्यात जवळजवळ सगळी बीच असते. वरचा पातळसा गर यंत्रात पाणी घालून सोडवतात आणि तो दाट रस लिटरच्या हिशोबाने विकतात. ज्या दुकानाबाहेर लाल झेंडा दिसेल तिथे ताजे आसाई आहे असे समजावे. ते गोड नसते. चव मातकट, किंचित तेलकट असते, आणि स्थानिक लोक ते तळलेल्या माशाबरोबर, वरून कसावा या कंदाचा जाडसर भाजका रवा घालून जेवणात खातात. केळे आणि साखर घालण्याची रीत दक्षिणेकडच्या शहरांची. पहिल्याच आठवड्यात मी केळे मागितले, तेव्हा गाळेवाल्या बाईंनी माझ्याकडे आमटीत गुलाबजाम मागितल्यासारखे पाहिले होते.

तिथून चालत व्हेर-ओ-पेझोला जावे. या नावाचा अर्थ ‘वजन पाहा’ असा लावतात, कारण सतराव्या शतकात इथे माल तोलून त्यावर वसाहतीचा कर घेतला जाई. चार बुरुजांचा लोखंडी मासळीबाजार १९०१ सालचा आहे. सासूबाईंनी तो बाहेरूनच पाहिलेला बरा. मात्र जडीबुटीवाल्या बायकांची रांग चुकवू नये. तिथे दोऱ्यांना टांगलेल्या बोटभर बाटल्यांत अत्तरी अर्क असतात आणि त्यांची नावे ‘माझ्या पायाशी येऊन रड’ अशा थाटाची असतात. व्यापारात बरकत, रुसलेला नवरा, परीक्षा, प्रत्येकाची बाटली वेगळी!

आठळी

सासूबाईंची काळजी करू नये, कारण आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यावरच हे शहर जगते. त्याचे ओलसर पीठ चाळून तेल-पाण्याशिवाय तापल्या तव्यावर पसरले की ते आपोआप घावनासारखे जुळून येते. त्याला तिथे तापिओकिन्या म्हणतात. लोणी आणि ओले खोबरे घातलेली मागवावी. माराझो बेटावरचे म्हशीच्या दुधाचे चीज घालूनही मिळते. साबुदाण्याला लाही फुटावी तसे पांढरे, हलके दाणेही पोत्यांतून विकायला असतात. मिठाच्या पाण्यात उकडलेले पुपुन्या नावाचे नारिंगी फळ कॉफीबरोबर खातात. त्याची चव रताळे आणि फणसाची आठळी यांच्या मधली असते. रसांमध्ये कुपुआसू आणि तापेरेबा घ्यावेत, त्यातले तापेरेबा आपल्या आंबाड्याचे सख्खे भावंड आहे.

एक मात्र लक्षात ठेवावे. ‘सें कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय एवढे म्हटल्यावरही ताटात कोंबडी किंवा कोळंबी येऊ शकते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन नको म्हणावे. घेवड्याच्या उसळीतही पुष्कळदा मांसाचा तुकडा असतो.

ताकाका संध्याकाळी हातगाडीवर मिळतो. भोपळ्यासारख्या फळाच्या कवटीत कसाव्याची चिकट खळ, त्यावर तुकुपी हा कढत आंबट पिवळा रस, झांबूची पाने आणि सुकी कोळंबी असते. कोळंबी न घालता मागता येतो, पण पळी तीच असते; हे सासूबाईंना सांगायचे की नाही ते आपण ठरवावे. झांबू अक्कलकऱ्याच्या जातीचा असल्यामुळे ओठ-जीभ बधिर होतात, घाबरू नये.

नदीकाठचा

वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो. चागास रोगाचे परजीवी पसरवणारे किडे कधीकधी आसाईच्या फळांबरोबर भरडले जातात. म्हणून नीट चालवलेल्या दुकानांत फळे ८० अंश सेल्सियसच्या पाण्यात सुमारे दहा सेकंद बुडवून मगच रस काढतात. ही प्रक्रिया करतात का, हे विचारूनच प्यावे. तुकुपी हा कडू कसाव्याचा रस असून कच्चा असताना त्यात सायनाइड असते, तो चांगला उकळूनच वापरतात. त्याच कसाव्याची वाटलेली पाने आठवडाभर शिजवून डुकराच्या मांसाबरोबर मानिसोबा करतात, तेव्हा तो काळपट हिरवा रस्सा पालेभाजी समजून सासूबाईंना वाढू नये. तुकुपीची बाटली घरी आणण्याच्या फंदात पडू नये. मी आणली होती. ती पिशवीत फुटली आणि माझ्या लग्नातल्या सदऱ्यावरचा पिवळा डाग अजून गेलेला नाही.

रत्नागिरीकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना साबुदाण्याचे सांगितल्यापासून त्या विमानात बसायला तयार झाल्या आहेत. पाऊस नेमका किती वाजता येतो?

आठळी

बहुधा दुपारी जेवणानंतर. तिथे भेटीची वेळही ‘पावसाआधी’ किंवा ‘पावसानंतर’ अशी ठरवण्याची जुनी पद्धत आहे. त्या वेळी बंदराच्या जुन्या गोदामांचे जे उपाहारगृहांचे संकुल केले आहे, तिथे बसून कुपुआसूचे आइस्क्रीम खावे. तिकडे चालत जाणार असाल, तर रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांकडे पाहावे. ती आंब्याची आहेत. पोर्तुगिजांनी भारतातून ब्राझीलला आंबा नेला आणि तिथून काजू आपल्याकडे आणला. वर्षअखेरीस जात असाल, तर त्या झाडांखाली गाडी मात्र उभी करू नये.