सांगलीच्या उन्हाळ्यात डेगू पाळावा का?

प्रश्न – विश्रामबागकर

नमस्कार. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला डेगू (उंदरासारखा दिसणारा, कुरतडणारा लहान प्राणी) पाळण्याची फार इच्छा आहे. आमची सदनिका सर्वांत वरच्या मजल्यावर असल्याने एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब तापून खोल्या रात्री उशिरापर्यंत गरम राहतात, आणि आम्ही दोघेही दिवसभर नोकरीवर असतो. अशा घरात एक आणावा की दोन, आणि त्यांना काय खाऊ घालावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – कृष्णाकाठ

डेगू मूळचा मध्य चिलीतील झुडपी प्रदेशातला. तिथे ऊन चढले की तो बिळात शिरतो. पिंजऱ्यात मात्र त्याला तशी वाट नसते. पारा ३० अंशांच्या वर गेला की त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्यामुळे दुपारभर खात्रीने थंड राहणारी खोली देता येत नसेल, तर माझ्या मते डेगू आणूच नये. नुसत्या पंख्याने हे भागत नाही.

तशी सोय झाली, तर मात्र दोन आणावेत. हा कळपात राहणारा, दिवसा जागा असणारा आणि तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून सोबत्यांशी बोलणारा प्राणी असल्याने एकटा झुरतो. एकत्र वाढलेल्या दोन माद्या किंवा दोन नर घ्यावेत. निवडताना दात अवश्य पाहावेत: निरोगी प्रौढ डेगूचे पुढचे दात नारिंगी असतात, आणि ते पांढरट दिसले तर तब्येतीत काहीतरी बिघाड आहे असे समजावे. त्याला शेपटीला धरून कधीही उचलू नये. शेपटीची कातडी सोलून निघते आणि ती पुन्हा येत नाही.

उत्तर – तासगावचा बागायतदार

आहाराबद्दल कळकळीने सांगतो. डेगूच्या शरीराला साखर झेपत नाही. त्याला मधुमेह होतो आणि त्यापाठोपाठ डोळ्यांत मोतीबिंदू येतो. आपल्या भागात घरोघरी बेदाणा आणि गूळ असतो, पाहुणा आला की तो कौतुकाने दोन बेदाणे पिंजऱ्यात टाकणारच, म्हणून घरातल्या सर्वांना आधीच बजावून ठेवावे. फळे नकोत, उसाचे वाढेही नकोत. वाळलेले चांगले गवत चोवीस तास समोर असावे, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात. जोडीला थोडा पालेभाज्यांचा पाला द्यावा. कुरतडण्यासाठी द्राक्षवेलीच्या छाटणीतील काड्या पुष्कळ मिळतील, पण त्यांच्यावर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे बागेतल्या काड्या मुळीच देऊ नयेत.

विश्रामबागकर

मनःपूर्वक आभार. खोलीत एसी बसवल्याशिवाय आणणार नाही, हे मुलीलाही पटले आहे. पिंजरा कसा असावा?

उत्तर – कृष्णाकाठ

लोखंडी जाळीचा, उंच आणि मजल्यामजल्यांचा घ्यावा. प्लास्टिक आणि लाकूड तो कुरतडून टाकतो. पळण्याचे चाक मोठे आणि सलग पृष्ठभागाचे असावे, कारण गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. अंग स्वच्छ ठेवण्यासाठी तो बारीक वाळूत लोळतो, तेव्हा वाळूचे पसरट भांडे लागेल. पाण्याने आंघोळ घालू नये. डेगू साधारण ५ ते ८ वर्षे जगतो, म्हणजे मुलगी पुढे शिक्षणासाठी पुण्याला गेली तर सांभाळ आपल्याकडेच येईल. अशा लहान प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर सांगली-मिरजेत कोण आहेत, याची चौकशी डेगू घरी आणण्यापूर्वीच करावी. जवळपास कोणी न आढळल्यास शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून पाहावे.