मदत हवीय: सोलर पॅनलवर पाण्यातून हायड्रोजन

मंडळी, पोरीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात उन्हावर पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवायचाय, आम्ही सांगलीत विश्रामबागला असतो. पाणी फुटायला निदान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात २ च्या आसपास धरा, म्हणजे ६ व्होल्टचं छोटं पॅनल बास झालं. अडलंय ते इलेक्ट्रोडवर, म्हणजे पाण्यात बुडवून वीज सोडायच्या दोन कांड्यांवर. स्टीलचे चमचे नकोत कारण त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं, पाण्यातून वीज नीट जावी म्हणून मीठ घातलं तर क्लोरीन सुटतो, म्हणून धुण्याचा सोडा आणि पेन्सिलीचं शिसं घ्यायचं ठरवलंय पण शिसं झिजून पाणी काळं होतं म्हणे, खरंय का? निकेलचा पत्रा किंवा जाळी सांगली-मिरजेत सुट्टी कुठं मिळेल? गॅस उलट्या टेस्ट ट्यूबमध्ये जरासाच धरणारे आणि काडी लावायला सर सोबत असतील, तेव्हा आधीच ओरडू नका. प्रदर्शन पुढच्या आठवड्यात आहे, जरा लवकर सांगा राव!